ॲप हँग का होतं? असिंक इव्हेंट हँडलर सोप्या भाषेत

फोनवर 'ॲप प्रतिसाद देत नाही' हा मेसेज तुम्ही पाहिलाच असेल. तुमच्या टचला 5 सेकंदांत उत्तर मिळालं नाही, की अँड्रॉइड ते ॲप अडकलं असं धरतं. विंडोजवर दिसणाऱ्या 'नॉट रिस्पॉन्डिंग'मागेही हीच गोष्ट असते.

स्क्रीन दाखवणं आणि क्लिक ऐकणं ही दोन्ही कामं एकच थ्रेड करतो, त्याला यूआय थ्रेड म्हणतात. बटण दाबल्यावर चालणारा कोड, म्हणजे इव्हेंट हँडलर, तोही याच थ्रेडवर चालतो. हा कोड सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबला, की स्क्रीनही थांबली!

मी तळोजा एमआयडीसीतल्या एका वजनकाट्याचा डेस्कटॉप प्रोग्रॅम सांभाळतो. ट्रक काट्यावर चढतो, ऑपरेटर 'सेव्ह' दाबतो, वजन सर्व्हरवर जातं. नेट स्लो असलं की जुना प्रोग्रॅम हँग व्हायचा आणि मागे ट्रकची रांग लागायची.

यावर उपाय म्हणजे 'असिंक-अवेट'. सी शार्पमध्ये ते 2012 साली, 5.0 व्हर्जनसोबत आलं. 'अवेट' लिहिलं की उत्तर येईपर्यंत थ्रेड मोकळा राहतो. उत्तर आलं की पुढचा कोड पुन्हा यूआय थ्रेडवरच सुरू होतो.

पण तीन गोष्टी सांभाळा:

1. स्क्रीन चालू म्हणजे बटणही चालू. ऑपरेटरने घाईत पुन्हा 'सेव्ह' दाबलं, तर एका ट्रकच्या दोन नोंदी होतात आणि बिल चुकतं. म्हणून 'अवेट'च्या आधी बटण बंद करा आणि 'फायनली'मध्ये परत चालू करा.

2. असा हँडलर 'असिंक व्हॉइड' असतो. त्यातली एरर बाहेरच्या ट्राय-कॅचला सापडत नाही आणि अख्खा प्रोग्रॅम बंद पडू शकतो. ट्राय-कॅच हँडलरच्या आतच लिहा. हँडलर सोडून बाकी सगळीकडे 'असिंक टास्क' वापरा.

3. कधीकधी नोंद झालेली असते, पण उत्तर वाटेतच हरवतं. ऑपरेटरला वाटतं सेव्ह झालंच नाही, आणि तो पुन्हा दाबतो. इथे बटण बंद करून भागत नाही. प्रत्येक वजनाला आधीच एक पावती नंबर द्या. तोच नंबर परत आला तर सर्व्हरने दुसरी नोंद करू नये.

पैसे पाठवताना 'पे' बटण एकदा दाबलं की लगेच फिकं पडतं, ते याचसाठी. तुमचं पहिलं ॲप बनवाल तेव्हा नेट बंद करून 'सेव्ह' दोनदा दाबून बघा. ग्राहकाच्या आधी ती चूक तुम्हाला सापडलेली बरी.