चक्रातला हरवलेला एकार

संस्कृतातील ‘चक्र’ आणि इंग्रजीतील ‘व्हील’ हे शब्द शेजारी ठेवले, तर त्यांच्यात काही नाते असेल असे कोणालाही वाटणार नाही. तरीही ऐतिहासिक भाषाशास्त्र त्यांना एकाच शब्दाची दोन रूपे मानते, आणि त्यासाठी ध्वनिसाम्याचा नव्हे, तर त्यांच्यातील भेद ज्या नियमांनी घडला त्या नियमांचा आधार घेते. या शब्दांचा मूळ धातू ‘*क्वेल्-’ असा लिहितात. त्याचा अर्थ फिरणे, वळणे. आरंभीची चांदणी असे दर्शवते की हे रूप कोणत्याही लेखात सापडलेले नसून वंशज भाषांच्या तुलनेतून पुनर्रचित केलेले आहे, आणि त्यातील ‘क्व’ हे जोडाक्षर नसून ओठांचा चंबू करून उच्चारलेला एकच वर्ण आहे. धातूच्या आद्य अंशाची द्विरुक्ती होऊन, म्हणजे व्याकरणाच्या परिभाषेत ‘अभ्यास’ होऊन, ‘*क्वेक्व्लोस्’ हे नाम बनले: जे फिरतच राहते ते, अर्थात चाक. ग्रीकात त्याचे ‘कुक्लोस’ झाले, आजच्या शिंच्यांगमध्ये एके काळी बोलल्या जाणाऱ्या तोखारी भाषेत गाडीला ‘कोकले’ म्हणू लागले, तर लिथुआनियन भाषेत ‘काक्लास’ म्हणजे मान, तीही वळतेच.

मूळ शब्दात दोन्ही ठिकाणी तोच ‘क्व’ असताना संस्कृतात एकाचा ‘च’ आणि दुसऱ्याचा ‘क’ का व्हावा, हा या शब्दातील खरा प्रश्न होय. ‘चकार’, ‘जगाम’ यांसारख्या रूपांत अभ्यासातील कवर्गाचा चवर्ग होतो, हे पाणिनीने अष्टाध्यायीत नेमके नोंदवले आहे. परंतु तसे का होते याचे ऐतिहासिक कारण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अनेक युरोपीय अभ्यासकांना जवळजवळ एकाच वेळी उमगले. ए, इ यांसारख्या स्वरांपूर्वी जीभ टाळूकडे सरकते आणि ‘क’ चा ‘च’ होतो. ‘चक्र’ मधील पहिल्या व्यंजनापुढे ऱ्हस्व एकार होता म्हणून तेथे ‘च’ आला. दुसऱ्यापुढे व्यंजन होते म्हणून ‘क’ टिकला. पुढे संस्कृतात ऱ्हस्व अ, ए आणि ओ हे तिन्ही स्वर ‘अ’ मध्ये विलीन झाले आणि एकार नाहीसा झाला; त्याची खूण तेवढी व्यंजनावर राहिली. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ आणि लॅटिन ‘क्वे’ यांची जोडी हेच सांगते. संस्कृतचे स्वर सर्वांत जुने असा तोपर्यंत चालत आलेला समज या शोधाने मोडला: या बाबतीत ग्रीक आणि लॅटिन यांनी जुने रूप राखले आहे, आणि म्हणून संस्कृत ही या भाषांची जननी नसून बहीण ठरते. आपल्याकडे ही गोष्ट अजूनही सहजासहजी पचनी पडत नाही. पण तिचा पुरावा संस्कृतच्याच पोटात आहे.

मराठीत हा धातू एकाहून अधिक वाटांनी आला. ‘चक्र’ हा तत्सम शब्द जसाच्या तसा घेतला गेला, ‘चाक’ प्राकृत ‘चक्क’ वरून घडला, ‘चरखा’ फारसीतून आला, आणि ‘सायकल’ ग्रीकमधून निघून इंग्रजीमार्गे पोचली. गुरे ‘चरतात’ ते क्रियापदही याच धातूचे, कारण ‘चरति’ म्हणजे मुळात फिरतो. ‘चाक’ आणि ‘चरणे’ यांतील ‘च’ मराठी माणूस दंततालव्य उच्चारतो, तर ‘चक्र’ मधला तालव्य. अस्सल मराठी शब्दांत इ, ए यांपूर्वी तालव्य ‘च’ टिकला आणि अ, आ, उ यांपूर्वी तो बहुधा दातांकडे सरकला.

लॅटिनमध्ये अर्थ निराळ्या दिशेने गेला. फिरणे, मग एखाद्या जागी वावरणे, तेथे वस्ती करणे आणि अखेर तेथील जमीन कसणे, असा ‘कोलेरे’ या क्रियापदाचा प्रवास सांगितला जातो. त्यावरून कसणारा तो ‘कोलोनुस’ आणि त्यांची वसाहत ती ‘कोलोनिया’. इ.स. ५० मध्ये रोमनांनी ऱ्हाइनकाठच्या एका गावाला हा दर्जा दिला, तेच आजचे कोलोन शहर. आणि मराठी शहरांतल्या ‘कॉलन्या’ही त्याच शब्दाच्या. ग्रीक ‘बौकोलोस’, आयरिश ‘बुअखल’ आणि वेल्श ‘बिगाइल’ या तिन्ही शब्दांत गाय आणि तिला फिरवणारा असा एकच प्राचीन समास दडला आहे.

या शब्दाला कालनिर्णयातही महत्त्व आहे. चाकाचे सर्वांत जुने पुरातत्त्वीय पुरावे इ.स.पू. ३५०० च्या आसपासचे असून, पोलंडमधील ब्रोनोचित्से येथील मडक्यावरचे चारचाकी गाडीचे चित्र त्यांपैकीच मानले जाते. वस्तूच नसताना तिचे नाव असणार नाही. तेव्हा हे नाव वारशाने लाभलेल्या भाषा त्यापूर्वी फार दूर गेल्या नसाव्यात. पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या मतानुसार या भाषा अनातोलियातून शेतीबरोबर, म्हणजे त्याच्या कितीतरी सहस्रके आधी पसरल्या. त्यांच्या बाजूने असे म्हटले जाते की ‘फिरणे’ या धातूवरून प्रत्येक भाषेने चाकाचे नाव स्वतंत्रपणे बनवले असेल. परंतु इतक्या शाखांनी अभ्यासयुक्त असे एकच विशिष्ट रूप योगायोगाने निवडावे, हे पटण्यासारखे नाही. अनातोलियातल्या हित्ती भाषेत मात्र चाकाला ‘हुर्कि’ हा अगदी वेगळा शब्द आहे, आणि ही शाखा सर्वांच्या आधी वेगळी झाली, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ इतर कारणांवरूनही मानतात.