'काय उद्योग चाललाय?' : व्यवसायोपचारातला 'व्यवसाय' म्हणजे नेमकं काय

पीएचडीचा विषय सांगितला की हमखास येणारा प्रश्न : "व्यवसायोपचार? म्हणजे पेशंटला कामधंद्याला लावता का?" लोकांचं काही चुकत नाही. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत हेच नाव रूढ झालंय, आणि मराठीत व्यवसाय म्हणजे दुकान, वकिली, नाहीतर फॉर्मवरचा तो रकाना, ज्यात आपल्या आया 'गृहिणी' लिहितात. या शास्त्रात मात्र ऑक्युपेशन म्हणजे माणूस आपला वेळ ज्या-ज्या गोष्टींनी भरतो आणि ज्यांना त्याच्या लेखी काही अर्थ असतो, ते सगळं. आंघोळ, देवपूजा, पत्ते कुटणं, नातवाला शाळेत सोडणं, आणि हो, नोकरीसुद्धा.

मला विचाराल तर 'उद्योग' हा शब्द जास्त जवळचा. "काय उद्योग चाललाय?" असं आई पोराला विचारते तेव्हा ती त्याचा पगार विचारत नसते, तो कशात गुंतलाय ते विचारते. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळही 'ताबा घेणे' असंच आहे. पण आता पाट्या रंगवून झाल्यात, नाव काही बदलणार नाही.

या शास्त्राची पहिली राष्ट्रीय संघटना 15 मार्च 1917 रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी स्थापन झाली. यजमान होते जॉर्ज बार्टन, पेशाने वास्तुविशारद. क्षय, पायावरची शस्त्रक्रिया, वर डाव्या अंगाला लकवा, एवढं सगळं भोगलेला हा माणूस बागकाम आणि सुतारकाम करत सावरला होता. पुढे मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मेयर यांनी 1921 साली वाचलेला आणि 1922 साली छापून आलेला निबंध या विषयाचा पाया मानला जातो. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांची लय बिघडली की माणूस बिघडतो, आणि ती लय नुसत्या उपदेशाने नाही तर प्रत्यक्ष करण्यातूनच परत बसते, हा त्याचा गाभा.

मग मधली काही दशकं वैद्यकशास्त्राच्या प्रभावाखाली गेली. स्नायूंची ताकद किती, सांधा किती अंशांत वळतो, हे मोजणं वाढलं. हातमाग उरला, पण खांदा हलवण्याचं यंत्र म्हणून. 1961 साली मेरी रायली यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात गाडी पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळवली, आणि 1989 साली एलिझाबेथ यर्क्सा यांच्या पुढाकाराने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ऑक्युपेशनल सायन्स या स्वतंत्र विषयात पीएचडी सुरू झाली. (आपल्याकडचं शिक्षण त्याच्या कितीतरी आधीचं : 1950, मुंबईचं केईएम रुग्णालय, कमला निंबकर.)

आता खरा गुंता. डॉरिस पिअर्स यांनी 2001 साली दोन शब्द वेगळे केले. अॅक्टिव्हिटी म्हणजे समाजात सगळ्यांना ठाऊक असलेली कृतीची कल्पना. ऑक्युपेशन म्हणजे एका विशिष्ट माणसाने, विशिष्ट जागी आणि वेळी घेतलेला अनुभव, जो जसाच्या तसा पुन्हा होत नाही.

भाकरीचंच घ्या. 'भाकरी करणे' ही अॅक्टिव्हिटी. पीठ मळा, थापा, तव्यावर टाका, पाणी फिरवा, उलटा. समजा, उजव्या अंगाला लकवा मारलेल्या एका आजींना आम्ही थेरपीची रबरासारखी पुटी मळायला दिली. बोटांची हालचाल साधारण तीच. पण आजींच्या लेखी भाकरी म्हणजे पहाटेचा चुलीपुढचा तास, आणि "आईच्या हातची" म्हणत ताटावर बसणारा मुलगा. पुटीत यातलं काहीच नाही. म्हणून पुटी वाईट असं नव्हे. हात तयार करायला ती लागतेच. पण पुटी जमली म्हणजे उपचार संपला असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

आणि कागदावर हे सहज घडू शकतं. बार्थेल इंडेक्स ही 1965 पासूनची, खूप वापरली जाणारी मोजपट्टी. जेवण, आंघोळ, कपडे, जिने अशा दहा बाबी. आजींना 100 पैकी 100 मिळतील, त्या 'स्वावलंबी' ठरतील, आणि घरी जाऊन दिवसभर भिंतीकडे बघत बसतील, कारण सुनेने तव्याजवळ जाऊ दिलं नाही. याउलट 1991 साली आलेली कॅनडियन मोजपट्टी, सीओपीएम, थेट पेशंटलाच विचारते : तुम्हाला काय करायचंय, ते किती महत्त्वाचं, आत्ता कितपत जमतं, त्यावर समाधान किती? उत्तरं 1 ते 10 मध्ये. वेळ जास्त लागतो. ओपीडीत रांग असताना हे विचारणं सोपं नाही, हे मान्य.

सीओपीएमलाही मर्यादा आहेत. तिच्यात सगळे उद्योग तीन खान्यांत बसवायचे असतात : स्वतःची काळजी, उत्पादक काम, फावला वेळ. कॅरन व्हॅली हॅमेल यांनी या वर्गवारीवर कडक टीका केली आहे. दुसऱ्याची काळजी घेणं, नाती जपणं, श्रद्धा, हे कुठे टाकायचं? ही विभागणी पाश्चात्त्य मध्यमवर्गीय डोक्यातून आलीय, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे बघा ना. पंढरीची वारी कुठल्या खान्यात? ती फावल्या वेळेतली करमणूक नाही, त्यातून उत्पन्न नाही, आणि स्वतःची काळजी म्हणावं तर पायांना फोड येतात. वारी चुकली म्हणून खंतावणारा गुडघेदुखीचा पेशंट समोर बसला, तर आम्ही सध्या 'चालणे : अडचण' एवढंच लिहितो. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण याच एका ओळीवर अडलंय.