मोटेवाडीची सांजोवेझे आणि मावळचा इंद्रायणी

वाइनवर लेख म्हटल्यावर रेक्टर सरांच्या भुवया वर जाणार, हे गृहीत धरूनच लिहायला बसलो आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो : हा पिण्याचा प्रचार नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आणि हार्ड ड्रिंकसाठी २५ आहे, आणि होस्टेलच्या आवारात कोणत्याही वयाला बंदी आहे. तेव्हा मित्रहो, बाटली बाजूला ठेवू आणि द्राक्षाबद्दल बोलू.

मी माळशिरस तालुक्यातला, सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा. फर्स्ट इयरला इथे आल्यापासून एक प्रश्न मला किमान पन्नास वेळा ऐकावा लागला आहे. "तुमच्या त्या रखरखीत अकलूजकडे इटालियन वाइन बनते म्हणे! मग आपल्या एवढ्या थंडगार लोणावळ्यात का नाही बनत?" त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी पावसाचं गणित. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथून दोन-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या माळशिरसला तो पाचशेच्या आसपास येतो. ढग सह्याद्रीवर चढताना इथेच रिकामे होतात, आम्हाला उरतं ते पर्जन्यछायेचं आभाळ. भाताला हे पाणी अमृत आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी जात दिली ती याच खाचरांच्या जिवावर. द्राक्षाला मात्र ओली पानं म्हणजे दुखणं. पान काही तास ओलं राहिलं की डाउनी, म्हणजे आमच्याकडचा केवडा, सुरू. पाऊस थांबून हवा ढगाळ राहिली की भुरी. मावळात द्राक्ष लावलं तर घडांपेक्षा फवारण्याच जास्त मोजाव्या लागतील. थंडगार हवा ट्रिपवाल्यांना हवी असते. वेलीला लागतं कोरडं ऊन, थंड रात्र आणि निचऱ्याची जमीन.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. इटलीत हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं काढतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही! तिला कात्रीने शिस्त लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे घड थंडीत भरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते. दिवसा तीस अंश आणि रात्री बारा-पंधरा, हा फरक साखर वाढवतो आणि आंबटपणाही टिकवतो.

आता ती 'इटालियन' भानगड. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली नावाची वायनरी आहे. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. २००६-०७ च्या सुमारास भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या : इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि आमच्या अकलूजचे मोहिते-पाटील. सातवा माणूस तोस्काना प्रांतातला वाइनमेकर, पिएरो मासी. सात जणांच्या आठवणीसाठी त्यांच्या एका वाइनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. ती सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन लाल जातींचं मिश्रण आहे. फ्रान्सहून साडेतीन लाखांच्या आसपास रोपं आणून मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव अशा तीन ठिकाणी लावली. उसाच्या पट्ट्यात लोकांनी तेव्हा कपाळावर हात मारला होता, असं घरी सांगतात.

सांजोवेझे ही तोस्कानाची घरची जात. क्यांती क्लासिको या प्रसिद्ध वाइनमध्ये तिचं प्रमाण किमान ८० टक्के असावं लागतं. नावाचा पारंपरिक अर्थ 'जुपिटरचं रक्त'. आंबटपणा भरपूर, रंग मध्यम, वास चेरीसारखा. तिच्या शेजारी पांढऱ्यात शार्दोने, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां, लालमध्ये कॅबर्ने, मर्लो आणि शिराझ.

मंडईत मिळणाऱ्या थॉमसन किंवा सोनाकाची वाइन का करत नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. खायच्या द्राक्षाचा मणी समजा १८ मिलिमीटरचा आणि वाइनच्या द्राक्षाचा १२. गोलाचं पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे सहा भागिले व्यास. म्हणजे लहान मण्यात दर लिटर रसामागे दीडपट साल! लाल वाइनचा रंग, टॅनिन आणि बराचसा वास सालीतूनच येतो. खायच्या द्राक्षाला जीएमध्ये बुडवून फुगवतात, वाइनच्या द्राक्षाला लहानच ठेवतात. वर घड कमी करतात. एकरी दहा-बारा टनांच्या जागी चार-पाच टनांवर समाधान मानायचं.

वायनरीत पुढे काय होतं ते आपल्या मेकॅनिकलवाल्यांना लगेच पटेल. यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतं, आणि उष्णता सोडतं. एक ब्रिक्स साखर संपली की रस साधारण १.३ अंशाने तापतो. २४ ब्रिक्सचा रस थंड केला नाही तर तीस अंशांनी वर जाईल आणि यीस्ट वाटेतच मरेल. म्हणून स्टीलच्या टाकीला जॅकेट आणि जॅकेटमध्ये गार ग्लायकॉल. पांढरी १२ ते १६ अंशांवर आंबवतात, लाल २५ च्या आसपास. बाहेर मार्चचं सोलापुरी ऊन! थोडक्यात वायनरी म्हणजे निम्मी रेफ्रिजरेशनची लॅब. त्याच रसाच्या एका लिटरमागे साठेक लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो जमिनीलगत साचतो. हवा खेळती नसेल तर तळघरात माणूस गुदमरून पडतो, म्हणून एकट्याने आत उतरायचं नसतं. पांढरीत रस सालीपासून लगेच वेगळा करतात, लालमध्ये सालीसकट आंबवतात. मग काही वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मुरते.

आता जेवणाकडे. वाइन कशाबरोबर जाते यात गूढ काही नाही, रसायन आहे. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, म्हणून दाट लाल वाइन मटणाबरोबर मऊ लागते. आंबट पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असेल तर ती पाणचट वाटते, म्हणून टोमॅटोच्या सॉसला सांजोवेझे. तिखटाची जळजळ अल्कोहोल आणि टॅनिनने वाढते, थोड्या गोडीने आणि गारव्याने कमी होते. आणि गोड पदार्थाबरोबर वाइन त्याहून गोड हवी.

हे नियम आपल्या मावळाला लावून पाहू. पावसाळ्यातल्या खेकड्याच्या झणझणीत रश्श्याला गार, किंचित गोडसर शेनिन ब्लां. इंद्रायणीचा चिकट, वासाचा भात आणि कमी तिखटाचं चिकन असेल तर शार्दोने. काळ्या मसाल्याच्या सुक्या मटणाला शिराझ. वडापावचं तळण आणि बटाटा यांना आंबटसर सोव्हिन्यों ब्लां कापते, पण लसणाची चटणी वगळून. पिठलं, भाकरी, ठेचा असेल तर ताक. इथे कोणत्याही इटालियनाचं ऐकू नये! लोणावळ्याची चिक्की कोरड्या लाल वाइनला पार कडू करून टाकते, तिच्याबरोबर चहाच बरा. आपल्या मेसच्या वांग्याला कोणती वाइन चालेल, हे कृपया विचारू नका.

इथवर सगळं छान वाटतं. पण बागेच्या बाजूने पाहिलं की दुसरंच चित्र दिसतं. आमचे धाकटे चुलते, तात्या, यांनी दोन एकर वाइनची द्राक्षं लावली होती. वायनरीचं नाव लिहीत नाही, आता ती चालूही नाही. पहिली दोन वर्षं पैसे वेळेवर आले. मग २००८-०९ ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाइनची मागणी घसरली. माल घ्यायला गाडी आली नाही आणि आधीचे पैसेही अडकले.

इथे खरी मेख आहे. थॉमसनचा व्यापारी पळाला तर दुसरा व्यापारी असतो, मंडई असते, तेही नसेल तर शेडवर टाकून बेदाणा होतो. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं, आंबटगोड. ते मंडईत कुणी घेत नाही, बेदाणाही होत नाही. पंधरा-वीस वर्षं टिकणारी वेल आणि एकच गिऱ्हाईक! तात्यांनी तो घडांनी लगडलेला प्लॉट जेसीबी लावून काढला आणि ऊस लावला. त्या वर्षी नाशिक-सांगलीकडेही अनेकांनी हेच केलं. तारा-अँगलसाठी काढलेलं कर्ज मात्र जेसीबीने निघालं नाही, ते फेडायला पुढे सहा वर्षं लागली.

मोटेवाडीची बाग टिकली, त्यामागे इटालियन जातीइतकंच एक साधं कारण आहे असं मला वाटतं : ज्याची वायनरी, त्याचीच जमीन. द्राक्ष पिकवणारा आणि विकत घेणारा वेगळे नाहीत, त्यामुळे मंदीचा फटका एकाच खिशात बसतो आणि तो खिसा मोठा असतो. दोन एकरवाल्याकडे तो नसतो. त्याच्याकडे फक्त करार असतो.

आपल्या होस्टेलात नाशिक, सांगली, जुन्नर आणि बारामतीकडची बरीच पोरं आहेत. कुणाच्या घरी वाइनच्या द्राक्षाचा विचार चालू असेल तर सुट्टीत गेल्यावर करार मागून घ्या आणि स्वतः वाचा. दर वजनावर आहे की ब्रिक्सवर? ब्रिक्स कोण मोजणार, आणि आपल्यासमोर का? पैसे किती दिवसांत? माल नाकारला तर काय? उचल किती? आपल्या वडिलांना या प्रश्नांची लाज वाटते, आपल्याला वाटायचं कारण नाही. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात मावतो, तो कसा वाचायचा हे पाच मिनिटांत शिकता येतं. माझ्याकडे एक आहे. रविवारी दुपारी मेसमध्ये या, दाखवतो. द्राक्षं तेवढी तुमची तुम्ही आणा!