मान अरुंद का असते

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर मांडलेली काचेची भांडी पाहून एक प्रश्न पडायला हवा, आणि तो सहसा पडत नाही. मोजायच्या रेघा बीकरवरही असतात. मग पिपेट, ब्यूरेट, मोजपात्र हा सगळा पसारा कशासाठी?

उत्तर भूमितीत आहे. २५० मिलिचा बीकर आतून साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो. त्यातली पातळी वाचताना डोळा एका मिलिमीटरने चुकला, तर आकारमानात तीन मिलिहून जास्त फरक पडतो. ब्यूरेटची नळी सेंटिमीटरभर रुंद. तिथे तोच एक मिलिमीटर म्हणजे ०.१ मिलिच्या आसपास. पिपेटवरची खूण ज्या मानेवर कोरलेली असते, ती चार-पाच मिलिमीटरची. तिथे चूक एक-दोन शतांश मिलिवर येते. डोळा तोच आणि हलगर्जीपणाही तेवढाच, पण अरुंद मान त्या चुकीला फारशी जागा देत नाही. बीकरवरच्या रेघा आमटीत घालायच्या वाटीभर पाण्याइतपतच धराव्यात.

हे पाहायला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन उत्तम. सुरुवात वजनापासून होते, कारण परमँगनेटचं द्रावण ठेवल्या ठेवल्या थोडं विघटित होतं आणि त्याची तीव्रता बाटलीवर लिहिली म्हणून खरी मानता येत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मात्र भरवशाचे. ०.०५ मोलर द्रावण २५० मिलि करायचं तर १.५७६ ग्रॅम स्फटिक वॉच ग्लासवर तोलून घ्यायचे, बीकरमध्ये थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये काचकांडीने ढवळून विरघळवायचे आणि नरसाळ्यातून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतायचे. बीकर, कांडी, नरसाळं हे सगळं धुतलेलं पाणीही त्याच फ्लास्कमध्ये जायला हवं. वजन केलेला कणही बाहेर राहता कामा नये. मग खुणेच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं आणि शेवटचे थेंब ड्रॉपरने सोडायचे. बूच लावून फ्लास्क काही वेळा उलटासुलटा करायचा, नाहीतर मानेतलं पाणी वरच राहतं.

फ्लास्कवर खुणेजवळ एक तापमानही छापलेलं असतं: २०° सेल्सिअस किंवा, आपल्याकडच्या हवामानाला धरून, २७°. भांडं त्या तापमानालाच तेवढं भरतं. म्हणून मोजमापाची भांडी बर्नरवर ठेवत नाहीत.

आता पिपेटने १० मिलि ऑक्झॅलिक आम्ल कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं. पूर्वी पिपेट सर्रास तोंडाने ओढत. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, त्यामुळे रबरी बल्बच वापरावा. द्रावण सोडून झाल्यावर टोकात एक थेंब अडकून राहतो आणि तो फुंकून काढायचा मोह होतो. तो तसाच राहू द्यावा. पिपेटवरची खूण कोरताना तो थेंब हिशेबातून आधीच वगळलेला असतो. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवलं की पुरे.

धुण्याचा नियम मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. ब्यूरेट आणि पिपेट शेवटी त्यात भरायच्या द्रावणानेच खळबळून घ्यायची, कारण आत पाण्याचा ओलावा राहिला तर द्रावण पातळ होईल. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा आणि ओलाच वापरायचा. त्यात आम्लाचे रेणू किती पडले याच्याशी आपल्याला कर्तव्य आहे. ते किती पाण्यात पोहतायत याने निकाल बदलत नाही. तोच फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लाने खळबळला, तर भिंतींना चिकटलेलं जास्तीचं आम्ल हिशेबात घुसतं. सावधपणा म्हणून सगळंच द्रावणाने धुणारा विद्यार्थी नेमका इथे फसतो.

परमँगनेट ब्यूरेटमध्ये जातं, आणि ब्यूरेट काचेच्या तोटीची हवी. रबरी नळी आणि चिमटा असलेल्या ब्यूरेटमध्ये परमँगनेट रबरावरच अभिक्रिया करतं. उलट कॉस्टिक सोड्याला रबरी नळीच बरी. काचेची तोटी त्याने घट्ट बसते. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर थोडं द्रावण जोरात सोडून तो घालवायचा आणि वरचं नरसाळं काढून ठेवायचं. विसरलेल्या नरसाळ्यातून थेंब गळला की वाचन बिघडतं. एरवी द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड वाचतात. परमँगनेट इतकं गडद जांभळं असतं की ती दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचायची, सुरुवातीला आणि शेवटी सारखीच.

फ्लास्कमधल्या आम्लात विरल गंधकाम्ल घालून तो तिवईवर, तारेच्या जाळीवर ६०-७० अंशांपर्यंत तापवतात. हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट त्याच्यावरही खर्च होतं. खालचा बर्नर आणि वरचा फ्लास्क एकाच काळातले: रॉबर्ट बुन्सेनचा बर्नर १८५५ च्या सुमाराचा, एमिल एर्लेनमेयरचा शंकूसारखा फ्लास्क १८६० च्या आसपासचा. निमुळत्या तोंडामुळे एका हाताने फ्लास्क गोल फिरवला तरी द्रावण उडत नाही. बीकरमध्ये हे जमत नाही.

पहिले थेंब पडतात आणि जांभळा रंग रेंगाळतो. घाबरायचं कारण नाही. अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीज आयनच पुढे तिला वेग देतात, आणि सुरुवातीला ते जवळजवळ नसतातच. थोड्या वेळाने थेंब पडताक्षणी रंगहीन होऊ लागतो. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. वेगळा दर्शक लागत नाही.

परमँगनेट ०.०२ मोलर असेल तर वाचन १०.० मिलि यायला हवं. एक थेंब साधारण ०.०५ मिलिचा, म्हणजे थेंबभर जास्तीने अर्ध्या टक्क्याची चूक. बीकरने मोजलं असतं तर तीन मिलि इकडेतिकडे, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणूनच आधी अंदाजासाठी पायलट रीडिंग, मग जुळेपर्यंत नेमकी वाचनं, आणि जर्नलमध्ये लिहायचं ते ‘सीबीआर’, म्हणजे कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग.

द्रावण गुलाबीऐवजी तपकिरी गढूळ झालं तर गंधकाम्ल कमी पडलं, असं समजावं. ते मँगनीज डायऑक्साइड असतं. ब्यूरेट न धुता ठेवली तर तिच्या भिंतींवरही तेच डाग धरतात. ते साबणाने जात नाहीत. उरलेलं ऑक्झॅलिक आम्ल थोड्या गंधकाम्लासह आत फिरवलं की डाग निघतात.