ताट मोजायचं राहूनच गेलं

एप्रिल २०२४मध्ये अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने एक आदेश काढला. भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांचा अंश मसाल्यांत किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालत असे, ती मर्यादा ०.१वर गेली. दहापट! त्याच महिन्यात हाँगकाँगने इथिलीन ऑक्साइड सापडल्यावरून आपल्या दोन नामांकित कंपन्यांचे काही मसाले विक्रीतून काढायला लावले. आपली मानकं जगातल्या कडक मानकांत मोडतात, असा खुलासा पुढे आला. मला डाचलं ते वेगळंच. या सगळ्या गदारोळात सामान्य माणसाच्या पोटात दिवसाकाठी एकूण किती कीटकनाशक जातं, हे कोणी विचारलंच नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १९५८मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेल्या पिठाने शंभरावर माणसं दगावली आणि दहा वर्षांनी कीटकनाशक कायदा आला. मधल्या काळात, १९६१ साली, अमेरिकेने साधी पद्धत सुरू केली: दुकानातून नेहमीचा बाजार आणायचा, घरी करतात तसा रांधायचा आणि ते अन्न प्रयोगशाळेत द्यायचं. तिथे हे काम आजही चालू आहे. आपल्याकडे १९९३मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल आला. बारा राज्यांतल्या दुधाच्या २,२०५ नमुन्यांपैकी ८२ टक्क्यांत डीडीटी होतं. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं महाराष्ट्रात, ७४ टक्के. ताटाचा हिशेबही त्याच सुमारास कोणी कोणी मांडून पाहिला. १९९२च्या एका अभ्यासात भारतीय माणसाच्या रोजच्या आहारात सरासरी ११५ मायक्रोग्रॅम बीएचसी आणि ४८ मायक्रोग्रॅम डीडीटी निघालं. शेतीतल्या डीडीटीवर १९८९मध्ये आणि बीएचसीवर १९९७मध्ये बंदी आली. त्यांच्या जागी नवी औषधं आली, पण तसा हिशेब दर वर्षी मांडायची सवय काही लागली नाही.

मग आलं २००३. त्यानंतरची दहा वर्षं मी नाशिक जिल्ह्यात जवळून पाहिली. २००३च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाटलीबंद पाण्यातलं आणि ऑगस्टमध्ये शीतपेयांतलं कीटकनाशक उघड केलं. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. फेब्रुवारी २००४मध्ये तिने संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. तेव्हा कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद जोरात होता, की दूध, चहा, भाजीत याहून जास्त अंश असतो. त्याचा राग मला अजून आहे. दुधात जास्त असेल तर दूध आधी तपासा! पण त्या वाक्याचा उपयोग तोंड बंद करण्यापुरता झाला. पेयांच्या मानकांवर वर्षानुवर्षं खल चालला आणि भाकरी, आमटी, भाजीचा विषय मागे पडला.

२००३मध्येच युरोपात आपली द्राक्षं कीटकनाशकांच्या अंशावरून अडली. इथे मात्र यंत्रणा झपाट्याने हलली. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने अंश तपासणीची योजना आणली, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिची मुख्य प्रयोगशाळा झालं आणि २००६मध्ये ग्रेपनेट ही निर्यातीच्या बागांची नोंद ठेवणारी व्यवस्था आली. निफाड-दिंडोरीच्या बागांत काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येई. वेगवेगळ्या ओळींतून, वेलीच्या वरच्या-खालच्या अंगाचे घड तोडून पिशवीत भरायचा, सील करायचा, प्लॉटचा नोंदणी क्रमांक टाकायचा. प्रयोगशाळेत मणी मिक्सरमधून काढून लगद्यातून अंश वेगळे करत आणि मोठ्या यंत्रावर ते अब्जांशाच्या मापात मोजत. रिपोर्ट येईपर्यंत बागायतदाराचा जीव टांगणीला. २०१०मध्ये तर युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे ते ‘सीसीसी’ या नावाने सर्रास मारत, पण आपल्या तपासणीच्या यादीतच ते नव्हतं. माल अडकला, निर्यातदार आणि शेतकरी होरपळले. यादी मग लगेच सुधारली.

हे सगळं करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र रिपोर्ट ‘फेल’ आला की तो प्लॉट ‘लोकल’ला जाई, हेही मी याच बागांत पाहिलं. युरोपची मर्यादा ओलांडली म्हणजे फळ लगेच अपायकारक झालं, असं नाही. ते धरूनही विचारायला हवं, की रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकासाठी जो मणी मोजला, तोच नाशिकच्या मुलासाठी का मोजला नाही? ‘धुऊन खा’ हा सल्ला पुरत नाही. आंतरप्रवाही औषध पानातून, मुळांतून आत शिरतं, ते नळाखाली धरून जात नाही.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००५-०६पासून केंद्राची देखरेख योजना आहे, राहुरी आणि कल्याणीच्या कृषी विद्यापीठांसारख्या प्रयोगशाळांतून नमुने तपासले जातात. २०१४-१५मध्ये २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्क्यांत अंश सापडले आणि २.६ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण वांगं वेगळं, तांदूळ वेगळा, दूध वेगळं, असं एकेकटं मर्यादेत बसलं तरी माणूस ते सगळं एकाच दिवशी खातो. दहा किलोच्या मुलाच्या अंगात ते जातं तेव्हा त्याच्या वजनाच्या हिशेबाने ते मोठ्या माणसापेक्षा जास्त भरतं. निफाडची मजूर बाई असो की कोलकात्याजवळच्या बजबजच्या ताग गिरणीतला कामगार, कोणाच्याच थाळीची बेरीज नेमाने होत नाही.

आपल्या राज्याकडे यंत्रं आहेत, ती चालवणारी माणसं आहेत, वीस वर्षांचा द्राक्षांचा अनुभव आहे. अन्न व औषध प्रशासनाने वर्षातून चार वेळा, चार-सहा गावांतून रेशनचं धान्य, मंडईतली भाजी, दूध, तेल, मसाला विकत घ्यावा, गृहिणी रांधते तसा रांधावा, तपासावा आणि एकूण किती अंश पोटात जातो तो आकडा वर्तमानपत्रात द्यावा. वाचकांनीही आपल्या आमदाराकडे एवढी एक मागणी लेखी करावी.