नळीचा व्यास आणि बागेचे पाणी

कोकणात ज्यांचे बालपण गेले, त्यांना बागेच्या पाण्याची चिंता कधी फारशी भासली नाही. अलिबागकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. उन्हाळ्यात विहिरीवरचा रहाट पाणी उपसे व ते पाटाने नारळी-पोफळीच्या आळ्यांपर्यंत पोहोचे. इकडे बेअर शेवा, दिमोना भागांत आपली पुष्कळ कुटुंबे स्थायिक झाली. बेअर शेवा येथे वर्षाचा पाऊस सुमारे दोनशे मिलिमीटर, आणि उन्हाळाभर थेंबही नाही. येथे झाडाचे जीवित रबरी नळीवर अवलंबून असते.

पुष्कळ बंधुभगिनींची तक्रार असते की, नळाला जोर असूनही बागेच्या टोकाला पाणी पोहोचत नाही. दोष बहुधा नळाचा नसून नळीचा असतो. अर्ध्या इंचाच्या नळीऐवजी पाऊण इंचाची घेतली, तर पाणी दीडपट मिळेल असे वाटते. वस्तुतः पोकळीचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते. शिवाय रुंद नळीत पाण्याचे आतील भिंतीशी घर्षण कमी होते. म्हणून लांबी व दाब तेच असता पाणी जवळजवळ तिप्पट मिळते. उलट, त्याच नळीची लांबी दुप्पट केली, तर पाणी सुमारे सत्तर टक्क्यांवर येते.

सहाशे चौरस मीटरांच्या बागेला पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे, म्हणजे तीन हजार लिटर झाले. मिनिटाला दहा लिटर देणाऱ्या नळीला पाच तास लागतील. तितक्याच लांबीच्या पाऊण इंची नळीला दोन तासांहून कमी. पहाटे आरंभ केल्यास ऊन तापण्यापूर्वी शेवटचे रोपही भिजते. अन्यथा तेच रोप आधी करपते.

तथापि नवी नळी विकत घेण्यापूर्वी परीक्षा करावी. नळी काढून नळाखाली दहा लिटरांची बादली ठेवावी व ती भरण्यास लागणारा वेळ मोजावा. मग नळी जोडून तिच्या टोकाशी तेच करावे. दोन्ही वेळा सारख्याच असतील, तर अडथळा नळात किंवा घरातील पाइपात आहे; जाड नळीने लाभ होणार नाही. टोकाला बारीक तोटी असली, तरीही फरक थोडाच पडेल.

वृद्धांनी वजनाचाही विचार करावा. तीस मीटर लांबीच्या अर्ध्या इंची नळीत पाऊणेचार किलो पाणी मावते, पाऊण इंचीत साडेआठ, तर एक इंचीत पंधरा. पाऊण इंचाची नळी मधला मार्ग होय.

मात्र जाड नळी पाणी वाचवीत नाही. विसरल्यास तिप्पट वेगाने वाया घालविते. १९५९ च्या कायद्याने येथील पाणी साऱ्या जनतेची मालमत्ता ठरले आहे. मोठ्या बागेत झाडांच्या मुळाशी ठिबक नळ्या घालाव्यात हेच उत्तम. ती पद्धत आपल्या शेजारच्या हात्सेरीम किबुत्सने १९६५ पासून जगापुढे आणली. परंतु तेथेही मुख्य नळी रुंद असावी लागते. ती अरुंद असेल, तर शेवटचे झाड तहानलेलेच राहील.