"उजव्या हाताने धर" असे म्हणण्याआधी

घाटकोपरला आम्ही ज्या शाळेत शिकवतो, तिथे तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. पाढे तोंडपाठ, उर्दू वाचनात सगळ्यांच्या पुढे. पण लिहायला बसला की वही सरकायची. डावा हात लिही आणि उजवा मूठ वळून मांडीवर पडलेला असे. "दुसऱ्या हाताने वही धर," असे आम्ही रोज सांगायचो. तो धरायचा, पण मिनिटभरात हात पुन्हा मांडीवर. आम्हाला तो आळस वाटला. एकदा सर्वांसमोर रागावलोही, त्याची लाज आजही वाटते.

मग एका मधल्या सुट्टीत तो उजव्या खिशातले नाणे काढायला धडपडताना दिसला. डावा हात अंगावरून वळवून त्याने अख्खा खिसाच उलटा केला. "उजवा हात घालून चाचपून बघ ना," आम्ही म्हणालो. तो सहज म्हणाला, "टीचर, त्या हाताला कळत नाही."

त्याच्या अम्मीला बोलावले. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, शरीराची उजवी बाजू अधू आहे, हे तेव्हा समजले. प्रवेश नाकारतील या भीतीने त्यांनी सांगितले नव्हते.

जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा अगदी तान्हेपणी मेंदूला इजा झाली की हा विकार होतो. इजा पुढे वाढत नाही. मेंदूच्या डाव्या भागाला धक्का बसला, तर त्रास उजव्या अंगाला होतो. हाताचा ताठरपणा, तळव्यात दुमडलेला अंगठा हे सर्वांना दिसते. स्पर्शातली उणीव मात्र दिसत नाही. डोळे मिटून आपण किल्ली कोणती, नाणे कोणते हे ओळखतो, कारण त्वचेकडून आणि सांध्यांकडून आलेल्या खबरी मेंदू जुळवतो. एका बाजूचा त्रास असलेल्या पुष्कळ मुलांत हीच जुळणी कच्ची असते. वस्तू हातात आहे, पण ती काय आहे आणि किती जोराने धरायची, हे उमगत नाही. हाताला मुंग्या आल्यावर सदऱ्याचे बटण लावून बघा, म्हणजे कल्पना येईल. ज्या हाताकडून खबरच येत नाही, त्याला मूल हळूहळू विसरते. आणि न वापरलेला हात आणखी मागे पडतो.

घरी एक खेळ करता येतो. रुमालाखाली किल्ली, चमचा, गोटी, खोडरबर ठेवा आणि न बघता ओळखायला सांगा. आधी चांगल्या हाताने, मग दुसऱ्या. चुकले तर वस्तू दाखवा आणि पुन्हा हातात द्या. तांदळाच्या डब्यात लपवलेले खजुराचे बी शोधणे, कणीक मळणे, मटार सोलणे, बरणीचे झाकण उघडणे यांत दोन्ही हात लागतात. गरम तव्याजवळ मात्र नजर ठेवा, चटका वेळेवर जाणवेलच असे नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट कधी चांगल्या हातावर काही तास मोजा चढवतात, म्हणजे अधू हाताला काम करावेच लागते. कधी दोन्ही हातांचे खेळ घेतात. दोन्ही पद्धतींनी फायदा होतो, पण सराव भरपूर हवा. आठवड्यातला अर्धा तास पुरत नाही. थेरपिस्टला न विचारता घरच्या घरी हात बांधून ठेवू नये. आणि वर्षाच्या आतले बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल, तर "डावखुरा आहे" म्हणून कौतुक करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता दस्तरखानची गोष्ट. या मुलाच्या दादी त्याला डाव्या हाताने घास घेऊ देत नसत. उजव्याने जेवणे ही सुन्नत, हे खरेच. पण इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात स्पष्ट लिहिले आहे की आजार किंवा जखमेसारखी अडचण असेल, तर डाव्याने खाण्यात दोष नाही. सूरह नूरची 61वी आयतही आजारी माणसावर ठपका ठेवत नाही, आणि ती जेवणाबद्दलच आहे. आम्ही हे दादींना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षे मी त्याला उपाशीच उठवले."

आपल्या मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. मालिनी सेंट झेव्हियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनला दोनदा एम. ए. केले आणि एका बोटाने टाइप करत आत्मचरित्र लिहिले. 2010 साली आलेल्या त्या पुस्तकाचे नावच 'वन लिटल फिंगर'.

आम्ही त्याच्या वहीखाली रबरी चटई घातली, वही सरकायची थांबली. उर्दू त्याला मराठीपेक्षा सोपे जाते. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे लिहिलेले शब्द डाव्या हाताखाली झाकले जात नाहीत. मराठीच्या वेळी वही थोडी तिरकी ठेवतो. परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळावा, म्हणून अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरून दिला आहे. संध्याकाळी तो दादींबरोबर मटार सोलतो. शेंग उजव्या मुठीत, दाणे डाव्याने. निम्मे दाणे जमिनीवर सांडतात, आणि दादी ते वेचून परत त्याच्या उजव्या हातात देतात.